सरांचा अंगठा

"उंदीर खोटं बोलत नाही." गळ्यातलं स्टॉपवॉच सावरत आमचे सर रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारातच हे ऐकवत. माणसांवरचा त्यांचा विश्वास केव्हाच उडाला होता. स्वतःवरचा मात्र शाबूत होता.

बनारसच्या त्या प्रयोगशाळेत आम्ही नसांच्या दुखण्यावरचं एक औषध तपासत होतो. उंदराच्या पायाची नस दोऱ्यानं आवळायची, काहींना औषध द्यायचं, काहींना नुसतं पाणी. मग गरम पत्र्यावर तो किती सेकंदांनी पाय उचलतो ते पाहायचं. उशिरा उचलला तर औषध लागू पडलं. घड्याळ सर थांबवत, आकडा मी लिहीत असे. औषधवाल्यांच्या शेपटीला ओळखीसाठी जांभळी शाई असायची.

असा एखादा विद्वान तुमच्याही पाहण्यात असेल. जांभळी शेपटी दिसली की सरांचा अंगठा जड होई. उंदीर पाय उचलून चाटायला लागला तरी सर म्हणत, "थांब, नीट उचलू दे." पाणीवाला नुसता हलला की टिचकन घड्याळ बंद. औषध अर्थातच उत्तम चाललं होतं. सर ते परिषदेत जाहीर करणार होते. त्यासाठी नवा कोटही शिवून झाला होता.

मला राहवलं नाही. एका सकाळी मी सगळ्याच शेपट्या जांभळ्या केल्या, आज फक्त औषधवालेच आहेत असं सरांना सांगितलं आणि खरी यादी खिशात ठेवली. संध्याकाळी त्या यादीप्रमाणे आकडे मांडले, तर दोन्ही गट सारखेच.

"माझ्याशी बदमाशी करतोस?" सर खेकसले. मग वही ओढून त्यांनी तीनदा वाचली आणि स्टुलावर बसले. "मधुमेहानं तुझ्या काकूचे तळवे जळतात रे. दोन वर्षं झोप नाही तिला."

काकूंचं हे दुखणं मला ठाऊक नव्हतं. माझी सगळी हुशारी तिथंच उतरली, लाज वाटली. परिषदेचा शोधनिबंध मात्र सरांनी स्वतःहून मागे घेतला.

ते निवृत्त झाल्यावर एकदा दुर्गाघाटावर त्यांच्या घरी गेलो. काकूंच्या तळव्यांवर ओली पट्टी ठेवून सर घड्याळ लावून बसले होते.

"आता?"

"हो, एकदम आराम आहे," काकू म्हणाल्या. टिचकन घड्याळ थांबलं. सरांचा चेहरा खुलला आणि ते पाणी बदलायला आत गेले.

काकू माझ्याकडे वळल्या. "काही फर्क पडत नाही रे. पण असं म्हटलं की जेवतात तरी नीट."

सर तांब्या घेऊन परत आले. "एक मिनिट चाळीस सेकंद," ते म्हणाले. "लिहून घे."

मी लिहून घेतलं.