क्लॅरिनेटचे दोन दात

पुलगावात मी चौदा वर्षं दात काढले. इतके काढले, की नाचणगावपर्यंत लोक मला दात काढणारी बाई म्हणूनच ओळखतात. त्यामुळे हाडात स्क्रू बसवून पक्का दात लावायचं शिकून आले आणि जुन्या पेशंटना सांगायला लागले, तेव्हा कुणी मनावर घेईना. मोबाईलवर मेसेज पाठवले, तर उत्तरादाखल नुसते जोडलेले हात आले. भिंतीवर स्क्रूवाल्या जबड्याचं चित्र लावलं. ते पाहून एक आजी आल्या पावली परत गेल्या. मला राग आला. राग मला लवकर येतो, घरचेही हेच सांगतील.

मग जुनी कार्डं काढून बसले. ज्यांचे दात मीच काढले होते, त्यांना एकेक करून फोन लावले. पहिला लागला बँडमधला क्लॅरिनेटवाला. हिरड्या गेल्यामुळे त्याचे वरचे समोरचे दोन दात काढून मी काढघाल कवळी दिली होती.

"कसं चाललंय, भाऊ?"

"खुळखुळा वाजवून राह्यलो, मॅडम. फुकलं का कवळी हालते, सूर फाटते. मालक क्लॅरिनेट फक्त लहान लग्नात देते."

उभी हयात क्लॅरिनेट वाजवलेला माणूस वरातीत खुळखुळा हलवतोय, हे मला ऐकवेना. त्याला बोलावून घेतलं. हाड चांगलं होतं. म्हटलं, "पक्के दात बसतील. पण तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडावा लागेल, आणि हाडानं स्क्रू धरेपर्यंत तीन महिने फुंकायचं नाही."

"सीझनमंदी तीन महिने? मंग हायेत तेबी लग्नं जातीन."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ऐन लग्नसराईत मी सगळ्यांना 'आजच या' म्हणत सुटले होते! म्हटलं, "आषाढी झाली की या. तुळशीच्या लग्नापर्यंत तुम्हाला तसंही काम नसतं."

तो आला. दर खेपेला बायको सोबत यायची आणि मी विचारायच्या आत सांगायची, "खिसे पाह्यले मॅडम. खर्रा नाई." दिवाळीच्या आधी स्क्रूवर दोन्ही दात चढवले.

तुळशीचं लग्न झालं आणि नाचणगावात सीझनची पहिली वरात निघाली. मालकानं त्याला बजावलं होतं, आज सूर फाटला तर यापुढे खुळखुळाच. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. रस्त्याच्या कडेला, पानठेल्याशेजारी उभी राहिले. त्यानं डोळे मिटून क्लॅरिनेट दातांना लावली. गाणं कोणतं होतं, मला आठवत नाही. मी त्या दोन दातांकडेच पाहत होते. सूर वर चढला आणि तिथंच थांबला. जरासुद्धा हलला नाही. मालकानं मागं वळून पाहिलं आणि त्याला हाताला धरून सगळ्यांच्या पुढं उभं केलं. माझा ऊर अभिमानानं भरून आला. ते मी केलं होतं. त्यात लाजायचं काय?

पदरानं डोळे पुसत होते, तेवढ्यात नटूनथटून आलेली एक बाई जवळ आली. "काऊन रडता, बाई? तुम्ही नवरीकडल्या का नवरदेवाकडल्या?"

"बँडकडली," मी म्हटलं.