सायलस थ्रपची सहावी घंटा

ऑल्डरकूमच्या खोऱ्यात सायलस थ्रपला सगळे हट्टी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. चर्चच्या मनोऱ्यातल्या सहा घंटांपैकी सर्वांत मोठी, सहावी, तो बेचाळीस वर्षं वाजवत आला होता. बाकीचे पाच दोर कुणाच्या हाती द्यायचे हेही तोच ठरवी. चुकणाऱ्यावर तो ओरडत नसे, नुसता बघे. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं असतं.

या हट्टी माणसाचं एक गुपित होतं. गेली चार-पाच वर्षं त्याला घंटा ऐकूच येत नव्हत्या. बाकीच्यांचे दोर डोळ्यांनी बघायचे, हाताला बसणारा हिसका ओळखायचा आणि वेळ साधायची, एवढ्यावर निभत होतं. उरलेलं काम त्याच्या बायकोचं, डॉर्कसचं. रविवारी घंटा सुरू झाल्या की ती ओढ्यापलीकडे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐके, मग टोपी घालून घाईघाईनं प्रार्थनेला येई. दुपारी मटण वाढलं की सायलस विचारी, "कसं वाजलं?" ती त्याच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाशी वाकून मोठ्यानं कुणाचा ठोका मागे पडला ते सांगे. पुढच्या रविवारी सायलस नेमका त्याच माणसाकडे बघे, आणि लोक म्हणत, म्हाताऱ्याचे कान काय तिखट आहेत बघा.

एप्रिलमध्ये डॉर्कस गेली. मंगळवारी तिला पुरलं. रीतीप्रमाणे सहाही घंटांच्या लोलकांना एका बाजूनं कातड्याच्या टोप्या बांधल्या होत्या, म्हणजे एक ठोका नेहमीसारखा मोठा आणि पुढचा दबका. शनिवारी लोहाराच्या रोझमंडचं लग्न होतं, त्याआधी टोप्या सोडायला हव्या होत्या. पाचवी घंटा वाजवणारी व्हेरिटी, गावच्या शाळेतली बाई, म्हणाली की शिडी मी चढते. सायलसनं साफ नकार दिला. आज शिडी दुसऱ्याकडे गेली की उद्या दोरही जाईल, ही त्याची धास्ती. बायको गेली, त्यात दोरही गेला तर माणसानं रविवारी करायचं काय?

शुक्रवारी तो वर गेला आणि एकामागून एक पाच टोप्या सोडल्या. सहाव्या घंटेपाशी खिडकीच्या फटीतून त्याला ओढ्यापलीकडचं आपलं घर दिसलं. दार बंद होतं. बिचारा तिथेच तुळईवर बसून पोटभर रडला. मग नाक पुसलं आणि काम झालं अशा समजुतीनं खाली उतरला.

शनिवारी नवरानवरी बाहेर पडली आणि घंटा सुरू झाल्या. पाच खणखणीत, सहावी मात्र एकदा खणखणीत, एकदा मयतासारखी दबकी. पाचही जणांनी सायलसकडे पाहिलं. त्याला वाटलं कुणाचा तरी ठोका चुकतोय, पण कुणाकडे बघावं तेच कळेना. बाहेर रोझमंडच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

नंतर अंगणात कुणी त्याला केकचा मोठा तुकडा दिला, कुणी खुर्ची आणली. गावात त्याच्याशी इतकं गोड कधी कुणी बोलत नसे. तेव्हाच त्याला कळलं की चूक आपलीच झालीय. केक तसाच ठेवून तो मनोऱ्यात गेला. व्हेरिटी शिडी उतरत होती आणि तिच्या हातात कातड्याची टोपी होती.

"अपशकुन म्हणणाऱ्या सगळ्यांना रोझमंडनंच गप्प केलं," ती म्हणाली. "झग्याला टाके डॉर्कसकाकूंनी घातलेत, तेव्हा त्यांचीही घंटा माझ्या लग्नात वाजली तर बिघडलं काय, म्हणाली."

सायलसला यातलं निम्मंच कळलं. तो टोपीकडे बघत राहिला. "पोरी, मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाला.

व्हेरिटी जवळ आली आणि मोठ्यानं म्हणाली, "मला ठाऊक आहे. काकूंनी हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं. मी गेल्यावर त्याला कोण सांगणार, म्हणाल्या."

मग गळ्यातली मनोऱ्याची किल्ली काढून त्यानं तिच्या हातात दिली.

"आणि दोर?" त्यानं विचारलं.

"दोर तुमचाच."

सायलस दोरांखालच्या बाकावर बसला, बरा कान तिच्याकडे केला आणि म्हणाला, "मग सांग, कसं वाजलं?"

व्हेरिटी वाकली. "तिसऱ्याचा ठोका मागे पडतोय," ती म्हणाली.