दुर्सुन वस्तादांची थाप

तुर्कस्तानातल्या तोकात गावच्या जुन्या हमामात दुर्सुन वस्तादांनी एक्केचाळीस वर्षं माणसं घासली. मी त्याच हमामाच्या तळघरात भट्टीत लाकडं सारायचो. बत्तीस वर्षांत त्यांना काम करताना एकदाही पाहिलं नाही. ऐकलं मात्र रोज. पाठ घासून झाली की गिऱ्हाइकाने उताणं व्हावं म्हणून ते ओल्या अंगावर थाप मारत. ती दगडातून खाली यायची. दहा जणांच्या थापांत त्यांची मी ओळखायचो.

पुढे त्यांचा खांदा गेला. मुलगा त्यांना इझ्मिरला, चौथ्या मजल्यावर घेऊन गेला. त्याच वर्षी हमामात गॅस आला आणि मीही घरी बसलो.

गेल्या शरदात ते पुतण्याच्या लग्नाला आले, ते थेट हमामात.

"एक अंग घासू दे," ते मालकाला म्हणाले. "एकच. पुरतं."

"काका, चहा घ्या, आंघोळ करा. पण गिऱ्हाइकाला हात नको. खांदा कुठे राहिलाय तुमचा?"

वस्ताद खिशातला घासायचा जुना हातमोजा चाचपत उभे राहिले.

मी म्हणालो, "मी कुठे गिऱ्हाईक आहे? मला घासा."

"तुला? बत्तीस वर्षांची काजळी आहे तुझ्या पाठीवर. नांगर लागेल, इल्यास!"

"मग जुंपा की."

मालक हसला. "न्या त्याला."

मी मधल्या तापलेल्या दगडी ओट्यावर पालथा पडलो. वीस मिनिटं त्यांनी हात लावला नाही. "आधी घाम. घाई केली की कातडी सोलते आणि मळ राहतो."

मग खांद्यापासून कमरेपर्यंत एकच लांब हात, कुठेही न तुटणारा. जोर दंडाचा नव्हे, अंगाच्या भाराचा. लाकूडही असंच सारतात. मळाच्या वळ्या निघाल्या. आठव्या हाताला त्यांचा श्वास अडकला. हातमोजा डाव्या हातात गेला.

"तिकडे इझ्मिरला नळाखाली उभा राहतो मी," ते म्हणाले. "अंग भिजतं. बस्स."

"वस्ताद, राहू द्या आता."

"अर्धं काम कुणी शिकवलं तुला?"

पाठ संपली. मी दगडाला कान लावून थांबलो. उजवा हात पाठीवर पडला, ओलं फडकं पडावं तसा. आवाज झाला नाही.

"ऐकू आली?" त्यांनी विचारलं.

"खालपर्यंत," म्हणालो आणि उताणा झालो.

पुढची बाजू त्यांनी डाव्या हाताने घासली. वेळ लागला.