द्रुत सुरू होण्याआधीची बस

संगीत महोत्सवातून परतताना संध्याकाळच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक तरुण बाई बसली होती. मांडीवर गुंडाळलेली सतरंजी, बोटं समोरच्या दांड्यावर ताल धरत होती. फोन आला. "निघालेय हो आई, आल्यावर कुकर लावते," म्हणाली आणि बोटं थांबली.

मला हसू आलं. मीही अशीच शहाणी होते! संथ विलंबित संपला, की द्रुत सुरू व्हायच्या आत उठायचे. म्हणजे गाणाऱ्याचा अपमान नाही आणि बसही चुकत नाही. केवढी रसिक, केवढी गृहकृत्यदक्ष! आमचे हे मात्र शेवटपर्यंत बसायचे. घरी येऊन माझी गरम पोळी मोडत सांगायचे, "द्रुतात काय रंग भरला आज! तू उगाच उठलीस." आणि मी बावळट, "हो ना," म्हणत वर तूप वाढायचे.

"आजी, तुम्हीही लवकर उठलात? घरी कोण वाट बघतंय?" तिनं विचारलं.

हे जाऊनही बरीच वर्षं झाली. पण विलंबित संपला आणि आजही पाय आपोआप उठले.

"कुकर," मी म्हटलं.

ती खळखळून हसली. माझा जेवणाचा डबा बाहेरून येतो, हे तिला कशाला सांगू?