येळवशीचा ड्रोन

लग्नानंतर ह्यांनी मला मोपेड शिकवायला घेतली, तेव्हा मी घाबरले की मूठ आवळायची. आवळली की मूठ पिळली जायची आणि गाडी आणखी पळायची. गाडी पळाली की मी आणखी आवळायची. अशी एकदा मी गल्लीत वाळत घातलेल्या चादरींत घुसले आणि एक चादर पांघरूनच पलीकडे निघाले. हे धावत आले. "अगं, ब्रेक का न्हाय दाबलास?" मी म्हणाले, "तुम्हीच घट्ट धर म्हणालात की!" अशी ती तेव्हाची मी, शहाणी. जन्मात पुन्हा मोपेडला शिवली नाही, आणि वर नावं मोपेडलाच ठेवायची.

यंदा ह्यांचा पाय मोडला. पायाचं त्यांना एवढं नव्हतं, येळवस चुकणार याचं होतं. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आम्ही सोलापूरहून वळसंगच्या शेतात जातो, कडब्याच्या खोपीत दगडांचे पांडव पुजतो, मग भाज्यांची भज्जी आणि पिठाचे उंडे कालवून तो नैवेद्य मूठमूठ पिकावर उधळत शेताला फेरी घालतो. चर टाकणं म्हणतात त्याला. ह्यांची ती फेरी कधीच चुकली नव्हती. आम्ही निघालो तेव्हा खाटेवरून भिंतीकडं बघत म्हणाले, "खालच्या बांधाची ज्वारी कशी हाय, तेवढं सांग."

"सांगते कशाला? दाखवते!" मी म्हटलं.

बोलून बसले ते नातीच्या भरवशावर. ती लग्नांचे व्हिडिओ काढते, तिच्याकडे ड्रोन आहे. पण शेतात पोचल्यावर ती म्हणाली, "आजोबांना सगळे दिसायला हवेत ना? मग मीपण फेरीत. ड्रोन तू उडव."

"मी?"

"तुझे गुडघे तसेही फेरी मारत नाहीत."

नात माझ्यावरच गेलीय.

तिनं रिमोटचा पट्टा माझ्या गळ्यात अडकवला. दोन खुंट्या, दोन अंगठे. "सुचेनासं झालं तर सरळ सोडून दे," ती म्हणाली. मला काही ते पटलं नाही. उडती वस्तू सोडतात होय?

भुंग्यासारखा गुणगुणत ड्रोन वर गेला आणि मी दोन्ही खुंट्या गच्च दाबल्या. तो एकदम तिरका झाला, ज्वारीच्या कणसांना घासून सुनेच्या डोक्यावरून गेला. सुनेनं पदर सावरत मटकन बसकण मारली.

"आजी, दाबू नको इतकं!"

मी आणखी दाबलं. ती मोपेडवाली बया अंगात आली होती. आता हा आपटला की नातीचा ड्रोन जाणार आणि ह्यांची येळवसही.

तेवढ्यात फेरीतून चर टाकायची आरोळी उठली. आणि इतक्या वर्षांची सवय! माझे दोन्ही हात रिमोट सोडून शेजारच्या नैवेद्याच्या बुट्टीत गेले. मूठ भरली, उधळली, वर खणखणीत आरोळीही ठोकली. मग आठवलं. वर बघवेना.

बघितलं, तर ड्रोन हवेत जागच्या जागी. निवांत उभा. मी धरलं होतं तोवर वेड्यासारखा करत होता, सोडल्यावर शहाणा झाला! मला हसूच फुटलं.

मग अंगठे नुसते टेकवले. भाकरी तरी कुठं दाबून थापतो आपण? ड्रोन सरळ निघाला. फेरीतली माणसं, खोप, विहीर, सगळ्यांवरून तो नेला, खालच्या बांधावर सावकाश फिरवला आणि परत माझ्या पायाशी उतरवला. नात टाळ्या वाजवत होती. सून मात्र अजून पदर धरूनच.

संध्याकाळी ह्यांच्या हातात मोबाइल दिला. ह्यांनी तो नाकाजवळ नेला. "हितं दाट हाय... ह्यो कोपरा इरळ पडलाय बघ..." फेरी घालतानाही असंच पुटपुटायचे. मग थांबले. "हे मधीच एका जागी का उभं ऱ्हायलंय?"

"मी चर टाकत होते."

"मग उडवत कोण हुतं?"

"कुणीच नाही. घट्ट धर म्हणायला तुम्ही नव्हता की तिथं!"

प्लॅस्टरचा पाय धरून हसले. मग मोबाइल माझ्यापुढं केला.

"परत लाव. खालच्या बांधापास्नं."