आईने खमरियात ओळखलेली गोगलगाय

आज सकाळी आई गेली.

करोडो वर्षांपूर्वी मेलेल्या एका समुद्री गोगलगायीला नाव देणारी बाई होती ती.

एकाहत्तरची लढाई. आम्ही खमरियाच्या क्वार्टरमध्ये. बाबांची दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल ड्युटी, घरी फक्त झोपायला येत.

आई कॉलेजात जिऑलॉजी शिकवायची. नर्मदेच्या खोऱ्यातून, पार धारकडून, तिने एक शंख आणला होता. दगड झालेला.

आईच्या विभागाच्या मोठ्या सरांनी पाहिला आणि सांगितलं, ही जुनीच जात आहे, वेळ घालवू नका.

आईला पटलं नाही. तिचं म्हणणं, फरक आत आहे. शंखाच्या मधल्या दांड्यावर वळ्या असतात. जुन्या जातीत तीन.

आत बघायचं तर शंख अर्धा घासून काढावा लागणार. आणि अख्खा नमुना एकच. चुकली असती तर शंखही गेला असता आणि कॉलेजातली पतही.

कितीतरी दिवस तो टेबलावर नुसता पडून होता.

शेवटी बाबाच म्हणाले, "काहून थांबून राहिली? खात्री नाही का?"

"खात्री नाही. पण घासल्याशिवाय कधीच कळणार नाही."

"मग घास."

काचेवर एमरी पावडर आणि पाणी. कॉलेजातून आली की बसायची. बोटं सोलून निघाली.

एका दुपारी बाबा नाइट करून झोपले होते. आईने त्यांना गदागदा हलवलं. ते दचकून उठले. "सायरन?"

"नाही हो. चार आहेत!"

बाबांनी भिंगातून पाहिलं. कळलं काहीच नसणार. तसेच सायकलवर ओमतीच्या बाजारात गेले आणि खोव्याची जलेबी घेऊन आले. क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीत वाटली.

पुढे मोठ्या सरांनी जिऑलॉजीवाल्यांच्या भर सभेत तो दगड हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "मैडम सही हैं. नई है."

जात नवी ठरली. पेपर छापून आला. नावात आईने खमरिया घातलं. लोक विचारायचे, खमरियात समुद्र कुठे होता?

"नव्हता," ती म्हणायची. "पण ओळखली तिथेच ना."

शेजारच्या भाभीजी तर सगळ्यांना सांगत, हमारे खमरिया की है.

आई गं, काय जगलीस!

दुपारी चारला नर्मदेवर, ग्वारीघाटावर निरोप देऊ. येणाऱ्यांनी रडायलाच यावं असं नाही.

आई, तुला मनापासून नमस्कार.