पोफळीखालचा ज्वालामुखी

व्हिनेगरचा वास आला की मला आठवतं, खायचा सोडा समजून मी ज्वालामुखीच्या पोटात तांदळाचं पीठ भरलं होतं. आम्हाला मूलबाळ नाही; बोईसरला राहणाऱ्या भाचीची दोन पोरं दर रविवारी केळव्याला आमच्याकडे यायची. तिच्या नवऱ्याची गुजरातेत बदली झाली, तेव्हाच्या शेवटच्या रविवारी मी वाडीत पोफळीखाली मातीचा डोंगर केला, पृथ्वीच्या पोटातल्या आगीवर भाषण ठोकलं आणि होळीचा उरलेला लाल रंग कालवून व्हिनेगर वरून ओतलं. डोंगराच्या तोंडाशी नुसती गुलाबी पेज साचली. "आजोबा, हा फुटत का नाय?" धाकटीने विचारलं. "निद्रिस्त आहे," मी म्हणालो. "म्हणजे तुमच्यासारखा, जेवल्यावर," मोठा म्हणाला. सगळे हसले, मग गाडीत सामान चढलं आणि पोरं गेली. वाडी एकदम मोठी वाटायला लागली. डोंगर मोडायला मी फावडं उचललं, तर बायको सोड्याचा खरा डबा घेऊन पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "राहू द्या तो. आता मला शिकवा. मला कुठं जायचं नाय."